घरी विमान उडवायचंय? पीसी घेण्याआधी हे वाचा

सगळ्यात आधी एक विनंती. सिम्युलेटरसाठी, म्हणजे पीसीवर विमान उडवायच्या सॉफ्टवेअरसाठी, पीसी घ्यायचा असेल तर दुकानात येताना ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र रंगवणारा भाग) ठरवून येऊ नका. कोणतं विमान उडवायचं, कुठल्या स्क्रीनवर आणि घरातल्या कुठल्या कोपऱ्यात, एवढं ठरवून या. कार्ड त्यावरून ठरतं. उलटं केलं की पैसे जातात आणि विमान धावपट्टीजवळ आलं की अडखळतं.

हे का लिहावंसं वाटलं ते सांगतो. कासारवडवलीचे एक ग्राहक पावसाळ्यात आपला पीसी रिक्षात घालून ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या दुकानात घेऊन आले. दुसरीकडे असेंबल केलेला, जेमतेम सहा महिन्यांचा. निम्म्याहून जास्त बजेट एकट्या कार्डात गेलेलं. तक्रार एकच होती: "वर ढगांत झकास चालतं हो, पण मुंबईला उतरायला गेलो की चित्र तुटतं." आम्ही पीसी टेबलावर लावला, सिम्युलेटरमधला फ्रेम मोजणारा चौकोन उघडला आणि स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, त्यांच्याच हातात दिली. समुद्रावर ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. मग नवी मुंबईवरून वळून, खाडी ओलांडून घाटकोपरच्या आसपास आले तेव्हा २२. चौकोनात लाल अक्षरांत ओळ आली की मेन थ्रेडमुळे, म्हणजे प्रोसेसरवरच्या मुख्य कामामुळे, वेग अडलाय. कार्ड त्या क्षणी निम्मंसुद्धा वापरात नव्हतं.

मदरबोर्ड तोच ठेवला, फक्त प्रोसेसर बदलला. त्याच जागी, त्याच उंचीवर ३६ फ्रेम मिळू लागल्या. पण ते दोनदा पैसे भरून घरी गेले, ही गोष्ट आम्हाला लागून राहिली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्रक.

सिम्युलेटरला प्रोसेसर का लागतो

साध्या गेममध्ये बहुतेक काम चित्र रंगवण्याचं असतं आणि ते कार्ड करतं. सिम्युलेटरमध्ये चित्राच्या आधी हिशोब येतो. पंखावर हवा कशी वाहते, इंजिनाचं तापमान किती, ऑटोपायलट काय म्हणतोय, आजूबाजूची २०-३० विमानं कुठे आहेत, खाली कुठल्या इमारती आता उभ्या करायच्या. यातलं पुष्कळसं काम एकापाठोपाठच करावं लागतं, कारण पुढचं उत्तर मागच्यावर अवलंबून असतं. म्हणून प्रोसेसरमध्ये १६ कोअर (स्वतंत्र काम करणारे भाग) असले तरी भार एका कोअरवर येतो आणि बाकीचे वाट बघत बसतात. जास्त कोअर म्हणजे जास्त फ्रेम हे गणित इथे चालत नाही.

चालते ती कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताशी मिसळणाचा डबा असेल तर फोडणी करपत नाही. प्रत्येक वेळी मोहरीसाठी माळ्यावर चढावं लागलं तर करपते. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेला तो डबा, आणि रॅम म्हणजे माळा. एएमडीच्या रायझन ७ ७७००एक्समध्ये हा डबा ३२ एमबीचा आहे, तर ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबीचा. कोअर दोघांतही ८च. तरीही गजबजलेल्या विमानतळावर दुसरा स्पष्ट पुढे जातो. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेला ९८००एक्स३डी त्याहून वेगवान आहे, त्यातही ९६ एमबीच. सिम्युलेटर हाच मुख्य उपयोग असेल तर आम्ही या दोनांपैकी एक सुचवतो आणि कार्डात एक पायरी खाली उतरायला सांगतो.

पण मोठं प्रवासी विमान न उडवणाऱ्यांना याची गरज नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आले होते. त्यांची इच्छा एकच, की १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तो प्रवास स्वतः करायचा, छोट्या एक-इंजिनी विमानातून आणि सावकाश. त्यांना आम्ही महागडा प्रोसेसर घेऊ दिला नाही. साधा सहा कोअरचा प्रोसेसर आणि मध्यम कार्ड, एवढ्यावर काम झालं. जुहूला उतरल्यावर त्यांचा फोन आला, आणि दुकानात त्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं.

कोणता सिम्युलेटर

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ इंटरनेटवरून जमीन आणत राहतो. उपग्रहाच्या छायाचित्रांवर तो इमारती आपोआप उभ्या करतो, त्यामुळे तलावपाळी, येऊरचा डोंगर, खाडी वरून ओळखू येतात, पण तुमची सोसायटी हुबेहूब तशीच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. कंपनीने इंटरनेटचा वेग १० एमबीपीएस किमान, ५० शिफारशीचं आणि १०० उत्तम असं सांगितलंय. रॅम १६ जीबी किमान, ३२ शिफारशीची आणि ६४ उत्तम. वायफायवर भरवसा ठेवू नका. राउटर हॉलमध्ये आणि पीसी बेडरूममध्ये असेल तर भिंतीच्या कडेने लॅन केबल ओढून घ्या. पुष्कळांच्या तक्रारी तेवढ्यानेच मिटतात.

एक्स-प्लेन १२मध्ये जमीन डिस्कवर उतरवून ठेवायची असते, म्हणून तो इंटरनेट नसतानाही चालतो. तो पंखाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचं बल मोजतो, आणि स्टिकचा हात शिकण्यासाठी आम्हाला तोच जास्त आवडतो. लढाऊ विमानं हवी असतील तर डीसीएस वर्ल्ड. तो फुकट सुरू करता येतो, पण रॅम भरपूर खातो, तिथे ३२ जीबीच्या खाली जाऊ नका. एक्स-प्लेन आणि डीसीएसचे डेमो आधी नेटवरून उतरवून, वापरून बघता येतात, तेही करा.

वैमानिक व्हायचं ठरवलेली मुलं आईवडिलांबरोबर येतात. त्यांच्यासाठी स्पष्ट करतो: घरच्या पीसीवर उडवलेले तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. घड्याळांवर नजर फिरवण्याची सवय, चेकलिस्ट, रेडिओची भाषा, हे मात्र खरंच पक्कं होतं.

कार्ड, रॅम, डिस्क, स्क्रीन

कार्डाचा वेग बघण्याआधी त्याची मेमरी बघा. २७ इंची १४४०पी (उभ्यात १४४० ठिपक्यांच्या) स्क्रीनसाठी १२ जीबी, जमल्यास १६. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं. खोक्यावर नाव एकच, म्हणून बिलात आकडा लिहून घ्या, मग तुम्ही आमच्याकडून घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. मेमरी भरली की चित्र नुसतं मंदावत नाही, झटके बसतात, आणि उतरताना बसलेला एक झटका विमान धावपट्टीबाहेर घालतो.

रॅम डीडीआर५, ६००० वेगाची, दोन पट्ट्या मिळून ३२ जीबी. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत, त्यामुळे आमचं कोटेशन त्या दिवसापुरतंच असतं. याबद्दल आम्हालाही वाईट वाटतं. डिस्क एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी), १ टीबी. विंडोज ११च टाका, कारण १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

स्क्रीनच्या बाबतीत एवढंच सांगतो की १४४ फ्रेमच्या मागे धावू नका. विमान वळतं सावकाश, त्यामुळे ३५-४० फ्रेम एकसारख्या मिळाल्या की डोळ्यांना पुरतात. त्यापेक्षा रुंद स्क्रीन घ्या. आणि मान वळवली की कॉकपिटही वळावं असं वाटत असेल तर महागडं उपकरण घेण्याआधी ओपनट्रॅक हे फुकटचं सॉफ्टवेअर वेबकॅमवर चालवून बघा.

हातात काय येणार

इथे खर्च करायला लोक कचरतात, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कीबोर्डवर विमान उडत नाही, नुसतं ढकललं जातं. एअरबस आवडत असेल तर साइडस्टिक (बाजूला बसणारा दांडा), बोइंग किंवा सेस्ना आवडत असेल तर योक (समोरचं, स्टिअरिंगसारखं हँडल). खऱ्या एअरबसमध्ये कॅप्टनची स्टिक डाव्या हाताला असते, त्यामुळे डाव्या हाताने सराव करायचा असेल तर दोन्ही हातांना चालणारी स्टिक मागा.

आतला सेन्सर कोणता आहे ते विचाराच. स्वस्त स्टिकमध्ये घासणारा पोटेन्शिओमीटर असतो. आपल्याकडच्या धुळीत आणि दमटपणात तो वर्ष-दोन वर्षांत थरथरू लागतो. हात स्थिर असला तरी विमान आपोआप डावीकडे झुकतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, काही घासत नाही, म्हणून टिकतो. थोडे पैसे जास्त पडतील, पण द्या.

रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायची पायातली पेडल, घेणार असाल तर एक घरगुती गोष्ट. चाकांची खुर्ची आणि गुळगुळीत लादी असली की ब्रेक दाबताच तुम्हीच मागे जाता. पेडलखाली रबरी पायपुसणं घाला आणि खुर्चीची पुढची दोन चाकं जुन्या चपलांमध्ये रुतवून ठेवा. हे आम्हाला घणसोलीच्या एका ताईंनी शिकवलं, आता आम्ही सगळ्यांना सांगतो. आणि वन बीएचकेमध्ये राहत असाल तर टेबलाला स्क्रू मारू नका. क्लॅम्प लावा, रात्री सगळं काढून पलंगाखाली जातं.

आपली हवा, आपली वीज

ऐरोली, कोपरखैरणे, कोलशेत, जिथे खाडीचा वारा येतो तिथे पीसी खिडकीला लावून ठेवू नका. खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटमधून आलेला एक बोर्ड आम्ही उघडला तेव्हा रॅमच्या सोनेरी पट्टीवर हिरवट डाग धरले होते. पीसी मे महिन्यापासून बंद होता, ऑगस्टमध्ये चालू होईना. रबराने पट्टी पुसली, चालू झाला. पण दरवेळी असं नशीब साथ देत नाही. पावसाळ्यात रोज अर्धा तास का होईना, पीसी चालू ठेवा. त्याच्याच उबेने ओल जाते. घोडबंदर रोडवर बांधकामाची धूळ इतकी आहे की कॅबिनेटची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटकावी लागते. मागे वीतभर जागा सोडा. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ३४ अंशांना असते, त्यामुळे चांगल्या हवेच्या कॅबिनेटला आम्ही काचेच्या दिखाऊ कॅबिनेटपेक्षा वर ठेवतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पीसी बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. आम्ही घरी जोडायला येतो तेव्हा हे तपासल्याशिवाय प्लग लावत नाही.

यूपीएसवर लिहिलेला व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. प्रोसेसर, १६ जीबीचं चांगलं कार्ड आणि स्क्रीन मिळून उड्डाणात ४५० वॅट सहज लागतात, म्हणजे लाइट जाताच तोही बसतो. ११०० व्हीएच्या खाली घेऊ नका, आणि प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा, घेता आला तर उत्तम. वीजबिलाची काळजी असणाऱ्यांसाठी: रोज दोन तास उडवलं तर ०.९ युनिट, महिन्याला २७ युनिट.

आम्ही कसं काम करतो

एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, केबल आम्ही त्याच खोक्यातल्या वापरतो, दुसऱ्या कुठल्याच नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची केबल आखूड पडली म्हणून आमच्या दुकानातल्या मुलाने दुसऱ्या कंपनीची लावली. टोकं सारखीच बसली, पण आत पिनांचा क्रम वेगळा होता. चालू करताच बारीक वास आला आणि त्यांची जुनी एसएसडी गेली, त्या ग्राहकाच्या मुलाच्या मुंजीच्या फोटोंसकट. नवी डिस्क आम्ही दिली, पण फोटो देऊ शकलो नाही. तेव्हापासून आम्ही ग्राहकाच्या जुन्या डिस्कचा बॅकअप घेतल्याशिवाय ती जोडत नाही.

पीसी तयार झाला की चाचणी ठरलेली: पुण्याहून उड्डाण, संध्याकाळ, पाऊस, मोठं प्रवासी विमान, आणि मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणं. २७ म्हणजे नाक साधारण २७० अंशांवर, पश्चिमेला. याच वाटेने खरी विमानं आपल्या नवी मुंबईच्या गच्च्यांवरून जातात. हे उतरणं तुम्ही स्वतः दुकानात येऊन करायचं, मगच बिल. चित्र तुटलं तर पीसी आमच्याच टेबलावर राहतो. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून बरेच जण तिथेच उतरायचा हट्ट धरतात. तुमच्या सिम्युलेटरमध्ये तो आलेला असेल तर तिथेही उतरून दाखवू.

भाग कुठूनही आणा, जोडून देऊ. मात्र प्रत्येक भागाचं बिल तुमच्या नावावर असू द्या, कारण वॉरंटी त्या कागदावर चालते.

येताना टेबलाची लांबी-रुंदी मोजून आणा आणि खोलीचा एक फोटो, ज्यात सॉकेट दिसेल.