गाणं आणि रेकॉर्डिंग: स्वतंत्र कलाकाराच्या दोन वेगळ्या मिळकती

वितरकामार्फत गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिकवर चढवलं की काही महिन्यांनी खात्यात डॉलरमध्ये थोडीफार रक्कम दिसू लागते. आपल्याकडचे बरेच स्वतंत्र कलाकार तिथेच समाधान मानतात. गाण्याचे पैसे सुरू झाले, आता ऐकणारे वाढवायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात वितरक आणून देतो ते फक्त रेकॉर्डिंगचे पैसे. शब्दांचे आणि चालीचे पैसे दुसऱ्याच वाटेने निघालेले असतात, आणि त्या वाटेवर तुमचं नाव कुठेच नोंदलेलं नसेल तर ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा आणि स्वतःच्या खिशातून स्टुडिओचं बिल भरणारा माणूस दोन्हींचा मालक असतो. त्यामुळे त्याला दोन्ही एकच वाटतात आणि नुकसानही त्याचंच होतं.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती आहे. शब्दांचा पहिला मालक गीतकार, चालीचा संगीतकार. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र निर्माता, आणि कायद्याच्या लेखी निर्माता म्हणजे ते घडवून आणायला ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गळा कोणाचा, यावर ही मालकी ठरत नाही. गायक-वादकांना कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांना रॉयल्टीही मागता येते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे शब्द आणि चाल मिळून जे होतं त्याला मी गाणं म्हणतो, आणि स्टुडिओतून जी फाइल बाहेर पडते तिला रेकॉर्डिंग.

दोन्हींचं आयुष्य वेगवेगळं मोजलं जातं, आणि फरक तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगवरचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. मोजणी दोन्हीकडे पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून. तुकोबांचे अभंग सगळ्यांचेच आहेत. पण श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकरांच्या आवाजासाठी तुकोबांच्या अभंगांना ज्या चाली लावल्या, त्या खळ्यांची निर्मिती. खळे २०११ साली गेले, म्हणजे त्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘अभंगच तर आहे, पारंपरिक’ असं म्हणून ती चाल उचलणारा शब्दांपुरता बरोबर असतो आणि चालीपुरता चूक.

नाट्यसंगीतात नेमकं उलट चित्र सापडतं. ‘स्वयंवर’ नाटकाची पदं लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली वारले आणि त्यांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. दोघांच्याही हक्कांची मुदत कधीच उलटली. ती पदं तुम्ही बिनदिक्कत गा, रेकॉर्ड करा, विका. पण त्यातलंच एखादं पद कोणी १९८० साली गाऊन कंपनीमार्फत बाजारात आणलं असेल, तर त्यातला आलाप कापून स्वतःच्या ट्रॅकमध्ये बसवता येणार नाही. ते रेकॉर्डिंग २०४० अखेरपर्यंत कंपनीचं आहे.

हे जुन्यांचं झालं, पण नव्या कलाकाराला याच हिशेबाचा फायदा होतो. समजा, साताऱ्याच्या एखाद्या गायिकेने जनाबाईंच्या अभंगाला स्वतःची चाल लावली आणि रेकॉर्ड करून वितरकाच्या साइटवर फॉर्म भरायला घेतला. त्यात गीतकाराचा एक रकाना असतो, संगीतकाराचा एक. अनेक जण दोन्हीकडे ‘पारंपरिक’ टाकून पुढे जातात. तिने गीतकार म्हणून संत जनाबाई लिहावं आणि संगीतकाराच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, तेही प्रत्येक गाण्याला त्याच स्पेलिंगने. त्या एका ओळीत पुढची कित्येक वर्षं त्या चालीचं कमावणं अडकलेलं असतं. माझ्या मते प्रमोशनवर पहिला रुपया खर्च करण्याआधी हा फॉर्म नीट भरावा.

आता पैशांच्या वाटा. स्ट्रीमिंग कंपनी एका वेळी ऐकलेल्या एकाच गाण्यासाठी दोन हिशेब करते. रेकॉर्डिंगचा हिशेब वितरकाकडे किंवा लेबलकडे जातो. शब्द-चालीचा हिशेब भारतात प्रामुख्याने आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेकडे जातो. १९६९ पासून चालत आलेली ही संस्था मुंबईत आहे आणि गीतकार, संगीतकार आणि संगीत-प्रकाशक तिचे सभासद असतात. सभासद व्हायचं आणि मग प्रत्येक गाणं तिथे नोंदवायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. सभासद होऊन गाणी न नोंदवणारे लोकही मी पाहिलेत, आणि त्याने काहीच साधत नाही. परदेशातल्या अशाच संस्थांशी आयपीआरएसचे करार आहेत, त्यामुळे लंडनच्या मराठी मंडळींनी तुमचं गाणं ऐकलं तर त्याचा वाटाही याच वाटेने येऊ शकतो.

स्पॉटिफायने २०२४ पासून एक नियम लावला: मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. हा नियम रेकॉर्डिंगपुरता आहे. गाण्याच्या बाजूचा हिशेब त्याला बांधलेला नाही. छोट्या कलाकाराच्या बाबतीत रक्कम दोन्हीकडे किरकोळच असते, हे खरं. तरी दहा-बारा गाण्यांचा संच तयार झाला की फरक पडायला लागतो, आणि एखादं गाणं अचानक चाललं तर नोंदणी आधीच झालेली असणं फार मोलाचं ठरतं.

दोन्हींतला भेद मनात पक्का करायचा असेल तर मंचाकडे बघावं. तुम्ही गिटार घेऊन कॅफेत स्वतःचं गाणं गाता तेव्हा गाणं वापरलं जातं, रेकॉर्डिंग नाही. परवाना लागतो तो गाण्याचा, आणि कार्यक्रमात काय काय गायलं याची यादी आयपीआरएसपर्यंत गेली तरच त्यातला वाटा नेमक्या माणसाच्या नावावर पडू शकतो. त्याच कॅफेत दुपारी स्पीकरवर तुमचा ट्रॅक वाजला तर गाणं आणि रेकॉर्डिंग दोन्ही वापरली गेली. आणि तुम्ही मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेलं तयार संगीत, लावून त्यावर गायलात, तर तो ट्रॅकही कुणाचं तरी रेकॉर्डिंगच आहे, हे लक्षात ठेवावं.

आगरी-कोळी आणि अहिराणी गाणी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हळद, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्याने सूट दिली आहे. म्हणजे तुमचं गाणं जिथे सर्वांत जास्त वाजतं तिथून परवान्याचे पैसे येणार नाहीत. ते गाणं ऐकून लोक यूट्यूबवर येतात, रील बनवतात, आणि कमाई तिथे होते. म्हणून या मंडळींनी तर दोन्ही बाजूंची नोंदणी गाणं बाहेर पडायच्या आत उरकायला हवी.

यूट्यूबवर हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. वितरकाच्या फॉर्मवर कंटेंट आयडी, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंत तुमचं रेकॉर्डिंग ओळखणारी सोय, हिची खूण केली की तुमच्या रेकॉर्डिंगचा ठसा यूट्यूबच्या यंत्रणेत जातो. मग तुम्ही तेच गाणं व्हिडिओसकट स्वतःच्या चॅनेलवर टाकता आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कॉपीराइट क्लेम येतो. कलाकार घाबरतो. क्लेम उघडून पाहिला तर तिथे त्याच्याच वितरकाचं नाव असतं. अशा वेळी वाद घालायचा नसतो, वितरकाला चॅनेलचा पत्ता कळवून क्लेम सोडवून घ्यायचा असतो. खरी अडचण वेगळीच. इंटरनेटवरून फुकट घेतलेला तबल्याचा किंवा ढोलकीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) गाण्यात असेल, तर तोच लूप आणखी शेकडो जणांच्या ट्रॅकमध्ये असतो. त्या रेकॉर्डिंगवर कंटेंट आयडी लावली की तुम्ही नकळत इतरांवर क्लेम टाकता आणि वितरक तुमचं खातं रोखू शकतो. चाल शंभर टक्के तुमची असली तरी रेकॉर्डिंगचा प्रत्येक आवाज तुमचा नसतो. शक्य असेल तिथे ढोलकी वादकाकडून वाजवून घ्या आणि त्याला मानधन देऊन दोन ओळींची सही घ्या.

दुसऱ्याचं गाणं स्वतःच्या आवाजात गाणाऱ्यांना नेमकी उलटी बाजू सांभाळावी लागते. तिथे रेकॉर्डिंग तुमचं, गाणं दुसऱ्याचं. अमेरिकेत कव्हर रेकॉर्डिंगसाठी ठरावीक दराने सक्तीचा परवाना मिळतो. आपल्याकडे कलम ३१-सी आहे, पण त्याच्या अटी छोट्या कलाकाराला झेपणाऱ्या नाहीत: मूळ रेकॉर्डिंगला ५ वर्षं उलटलेली असावीत, आगाऊ नोटीस द्यावी, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरून आगाऊ भरावी. त्यामुळे हक्कधारकाची परवानगी घेणं हाच व्यवहार्य मार्ग उरतो. यूट्यूबची यंत्रणा चालसुद्धा ओळखते, म्हणून कव्हरच्या जाहिरातीचे पैसे बरेचदा मूळ मालकाकडे वळतात. ओळख व्हावी म्हणून कव्हर जरूर करा. मिळकत उभी राहते ती स्वतःच्या गाण्यांवर.

ओळखक्रमांकही दोन आहेत. रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी मिळतो, आणि तो बहुतेक वितरक स्वतःच देतात. गाण्याला आयएसडब्ल्यूसी मिळतो, तो आयपीआरएससारख्या हक्कसंस्थेकडे नोंद झाल्यावर. एकाच गाण्याची स्टुडिओ, अनप्लग्ड आणि रिमिक्स अशी तीन रूपं काढलीत तर आयएसआरसी तीन, आयएसडब्ल्यूसी एकच. वितरक बदलताना जुनाच आयएसआरसी नव्या फॉर्मवर लिहा, म्हणजे आतापर्यंतचे ऐकणारे त्याच ट्रॅकवर राहतील. हा आकडा वहीत लिहून ठेवा.

विक्रीचा करार समोर येतो तेव्हा हे सगळं एकदम महत्त्वाचं होतं. चॅनेलवाले एकरकमी पैसे देऊन ‘सर्व हक्क’ मागतात आणि कागदावर यावच्चंद्रदिवाकरौ अशी भाषा असते. त्या वेळी एकच विचारा: रेकॉर्डिंग मागताय की गाणंही? रेकॉर्डिंग विकलंत तरी शब्द आणि चाल तुमच्याकडे राहू शकते. अमेरिकेत टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमची रेकॉर्डिंग २०१९ साली जुन्या कंपनीसोबत दुसऱ्याच्या हाती गेली. गीतकार म्हणून गाण्यांवर तिचा हक्क होता, म्हणून त्यातले चार अल्बम तिने पुन्हा गाऊन नव्याने बाजारात आणले आणि २०२५ मध्ये जुनी रेकॉर्डिंगही विकत घेतली. आपल्याकडच्या करारांत काही वर्षं पुन्हा रेकॉर्ड न करण्याची अट असू शकते, ती आधी शोधा.

कायदाही गीतकार-संगीतकाराच्या बाजूने बराच झुकला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांबाबत निर्मात्याच्या बाजूने निकाल दिला होता. २०१२ च्या दुरुस्तीने चित्र बदललं, आणि त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी मुद्दा लावून धरला. आता गाणं दुसऱ्याच्या नावे केलं तरी ते वापरल्याबद्दलच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा लेखक आणि संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा हक्कसंस्थेलाच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. रॉयल्टीच्या वाट्याचं हे संरक्षण गाण्याच्या बाजूचं आहे. रेकॉर्डिंगच्या निर्मात्याला रॉयल्टीच्या अशा वाट्याची हमी नाही, तिथे जे लिहून द्याल तेच.

म्हणूनच मित्रामित्रांत गाणं करतानाही एक कागद हवा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला आणि ते कोणाच्या मालकीचं, तारीख, सह्या. संगीत संयोजकाने सुरुवातीचा म्युझिक पीस रचला असेल तर तो चालीत वाटेकरी की मानधनावर, हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच ठरवा. स्टुडिओवाल्या मित्राने पैसे घेतले नाहीत तर त्याच्याकडून मालकीबद्दल आवर्जून लिहून घ्या, कारण उद्या पुढाकार माझाच होता असं तो म्हणू शकतो. कॉपीराइट कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते: शब्द किंवा चालीसाठी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००.

थेट विक्रीत मात्र दोन्ही वाटा एकत्र येतात. कलाकाराचं संगीत थेट ऐकणाऱ्यांना विकणारी बँडकॅम्प ही वेबसाइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते आणि उरलेली रक्कम तुमच्याकडे येते, त्यात गाणंही आलं आणि रेकॉर्डिंगही. कार्यक्रमानंतर विकलेल्या पेनड्राइव्हचंही तेच. शब्द दुसऱ्याचे असतील तर त्याचा वाटा तुम्ही स्वतः काढून द्यायचा असतो, तिथे तो वाटून देणारी संस्था मध्ये नसते.

आणि घरात कोणी शाहीर, कोणी भजनांना चाली लावणारे आजोबा, कोणी कोळीगीतं लिहिणारे वडील होऊन गेले असतील, तर कॅसेट कंपनी बंद पडली म्हणून सगळं संपलं असं समजू नका. रेकॉर्डिंग कंपनीचं असेल, शब्द आणि चालीवरची ६० वर्षं त्यांच्या मृत्यूनंतर सुरू होतात. वारसांना आयपीआरएसचं सभासद होता येतं. मृत्यूचा दाखला, वारसाहक्काची कागदपत्रं आणि नाव छापलेली कॅसेटची वेष्टनं सांभाळून ठेवा, आणि यूट्यूबवर कोणती गाणी कोणत्या नावाने चढली आहेत त्याची यादी करायला बसा.