मधमाशीपालन, खानदेशातील

तापी खोऱ्यातील जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत शेतीला जोड म्हणून चालणारा, लाकडी पेट्यांत मधमाश्या पाळून मध काढण्याचा व तो जवळपासच्या बाजारात विकण्याचा व्यवसाय. सातपुड्याच्या रांगांतील भिल्ल, पावरा, तडवी या समाजांचे रानमध काढणे त्याहून पुष्कळ जुने असून आजही चालू आहे. विक्रीच्या ठिकाणी दोन्ही मध ‘गावरान’ याच नावाने मांडलेले दिसतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पेटीपालनाचा विचार केला असून रानमधाचा उल्लेख ओघाने येईल.

जाती : मध साठवणारे चार देशी प्रकार या प्रदेशात आढळतात. आग्या माशी (एपिस डॉर्साटा) वड-पिंपळाच्या उंच फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे उघडे पोळे बांधते. पावसाळा सरल्यावर ती मैदानात येते आणि उन्हाळा तापला की निघून जाते. पेटीत ती राहत नाही. फुलोरी (एपिस फ्लोरिया) बोरी-बाभळीच्या झुडपात लहानसे उघडे पोळे करते, त्यात मध जेमतेम पाव ते अर्धा किलो. पोया किंवा कोती ही डंखहीन माशी भिंतीच्या व झाडाच्या पोकळीत राहते. तिचा थोडा, आंबटसर मध औषधी म्हणून मागितला जातो. चौथी सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. या सवयीमुळेच ती चौकटींच्या पेटीत ठेवता येते. युरोपीय मेलिफेरा बाहेरून आलेली आहे.

सातेरीचे वर्गीकरण वादग्रस्त आहे, आणि खानदेशाच्या दृष्टीने हा वाद केवळ नावापुरता नाही. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९३ मध्ये चीनमधील माशीला ‘एपिस सेराना’ आणि १७९८ मध्ये भारतातील माशीला ‘एपिस इंडिका’ असे नाव दिले. पुढे दोन्ही एकच जाती मानल्या गेल्या व ज्येष्ठतेच्या नियमाने (आधी दिलेले नाव ग्राह्य) ‘सेराना’ हे नाव टिकले. मधमाशीतज्ज्ञ रुटनर यांनी १९८८ मध्ये शरीरमापांच्या आधारे सेरानाच्या चार उपजाती ठरवल्या, त्यांत द्वीपकल्पीय भारतातील माशी ‘एपिस सेराना इंडिका’ म्हणून गणली गेली. बहुतेक भारतीय पाठ्यपुस्तके हेच नाव वापरतात. तथापि पाळणाऱ्यांना डोंगरातली काळसर आणि मैदानातली पिवळसर अशा दोन सातेरी फार पूर्वीपासून माहीत होत्या. २०२२ मध्ये केरळातील संशोधकांनी पश्चिम घाटातील काळसर माशीला ‘एपिस करिंजोडियन’ हे स्वतंत्र जातिनाम दिले आणि पिवळसर माशीसाठी ‘एपिस इंडिका’ पुन्हा प्रचारात आणावे असे सुचवले. पंखांवरील शिरांचे प्रमाण हा त्यांचा एक मुख्य आधार आहे. हे मत सर्वमान्य झालेले नाही. सेराना ही जाती अक्षांश व उंचीनुसार आकार आणि रंग बदलत जाते हे जुने निरीक्षण भक्कम असल्याने रुटनर यांची चौकट तूर्त सोडण्याचे कारण दिसत नाही. मात्र जाती दोन असोत वा एक, घाटातील थंड, दमट हवेत रुळलेल्या वसाहती आणून तापीकाठी ठेवणे युक्त नाही, या व्यावहारिक निष्कर्षाला दोन्ही मते पूरक आहेत. सातपुड्याच्या पायथ्याची स्थानिक वसाहत पकडून पेटीत भरणे हाच चांगला आरंभ.

आकारातील हा फरक साधनांपर्यंत पोहोचतो. मैदानी सातेरीच्या कामकरी माशीचे पोळ्यातील घर सुमारे ४.३ मिमी. रुंद, तर मेलिफेराचे सुमारे ५.३ मिमी. असते. मेलिफेरासाठी छापलेला मेणपत्रा (घरांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा) सातेरीच्या चौकटीत लावला तर माश्या वेडीवाकडी पोळी बांधतात किंवा पत्रा कुरतडून टाकतात. दोन पोळ्यांमध्ये सोडायची मोकळी जागाही सातेरीसाठी कमी लागते. मधमाशीपालक लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत या मोकळ्या जागेचे महत्त्व ओळखले, तेव्हापासून हलत्या चौकटीची पेटी शक्य झाली.

इतिहास : भारतात अशा पेट्यांचे पहिले प्रयोग १८८२ मध्ये बंगालात व त्यानंतर लवकरच पंजाबात झाले, पण ते फारसे टिकले नाहीत. तिरुचिरापल्लीजवळ फादर न्यूटन यांनी सुमारे १९११ ते १९१७ या काळात सातेरीसाठी लहान पेटी बनवून लोकांना शिकवले. दक्षिणेतील प्रसार तेथून धरला जातो. भारतीय मानकांतील लहान ‘अ’ प्रकारची पेटी याच नमुन्यावर बेतलेली आहे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने ग्रामीण जोडधंदा म्हणून मधमाशीपालनाची शिफारस केली. महाराष्ट्रात संघटित काम महाबळेश्वर येथे १९४६ च्या सुमारास सुरू झाले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झाली. खानदेशात पेटी आली ती या दोन केंद्रांच्या प्रशिक्षणातून आणि अलीकडे कृषी विज्ञान केंद्रांमार्फत. महाबळेश्वराजवळील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले व ती कल्पना पुढे इतर जिल्ह्यांसाठी घेतली गेली. परंतु घाटमाथ्यावर घडलेली पद्धत तापीच्या खोऱ्यात जशीच्या तशी चालत नाही, ही गोष्ट प्रशिक्षणात पुरेशी सांगितली जात नाही.

मेलिफेरा भारतात १९६२ च्या सुमारास हिमाचलातील नगरोटा बगवान येथे स्थिरावली. १९९१–९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्यावर तिचा प्रसार वेगाने झाला. सातेरीच्या पेटीतून वर्षाला साधारण ५ ते १० किलो मध निघतो. फुलोऱ्यामागे हलवलेल्या मेलिफेराच्या पेटीतून २५ ते ४० किलो मिळू शकतो. हे आकडे शेजारी ठेवून मेलिफेराची शिफारस करणे सोपे आहे. पण तिला वर्षभर फिरवावे लागते, साखरपाक द्यावा लागतो आणि वरोआ कोळ्यापासून (माशीच्या अंगाला चिकटणारा सूक्ष्म परजीवी) जपावे लागते. सातेरी एकमेकींच्या अंगावरचे कोळी वेचून काढते, त्यामुळे वरोआ तिला फारसा घातक ठरत नाही. वाहन व मजुरीची सोय असलेल्याने मैदानात मेलिफेरा धरावी. अक्राणी, अक्कलकुवा, यावल-रावेरचा डोंगरपट्टा येथे दोनचार पेट्या ठेवणाऱ्याला सातेरीच परवडते.

ऋतुचक्र : खानदेशात पेटीची खरी परीक्षा एप्रिलअखेर व मे महिन्यात होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर अंडी-अळ्यांच्या भागात माश्यांना ३४–३५ अंश राखावे लागतात. पाणी आणून पोळ्यावर पसरणे आणि पंखांनी वारा घालणे एवढाच त्यांच्यापाशी उपाय असतो. पाणी दूर असेल तर मकरंद आणणाऱ्या माश्याही पाण्यालाच जुंपल्या जातात. मेण सुमारे ६३ अंशांना वितळते, तरी त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते आणि मधाने भरलेले नवे पोळे चौकटीतून खाली येते. अशा वेळी सातेरी पेटी सोडून जाते. म्हणून पेट्या आंबा, चिंच, निंब यांच्या दाट सावलीत ठेवतात, वर भिजवलेले गोणपाट टाकतात, जवळ खडे घातलेले पाण्याचे भांडे ठेवतात. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या लागतातच. जून ते ऑगस्ट हा दुसरा टंचाईचा काळ: फुले कमी, मेणकिडा जास्त. या दोन्ही काळांत मध काढू नये. टंचाईत साखरपाक दिलेला असेल तर तो संपेपर्यंत मधुकोठी (पेटीचा मध साठवण्याचा वरचा कप्पा) चढवू नये. नाहीतर पाकच मध म्हणून बाटलीत जातो.

मधाचे हंगाम दोन. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बोर, तूर, कपाशी व डोंगराळ भागात कारळे. ज्वारी-बाजरीचा परागही याच सुमारास मिळतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बीजोत्पादनाचा कांदा, सूर्यफूल, निंब, करंज, जांभूळ. केळीबद्दल गैरसमज आहे. जळगावच्या केळीला फळधारणेसाठी परागीभवन लागत नाही, त्यामुळे पेट्या ठेवून घड वाढत नाही. उलट केळफुलात मकरंद विपुल असतो व माश्यांना तो उपयोगी पडतो. घड निसवल्यावर केळफूल कापण्याची रीत असल्याने हा लाभ थोड्या दिवसांचा असतो. कपाशीत फुलाबरोबर पानांच्या शिरांवरही मकरंदग्रंथी असतात, पण त्याच पिकावर कीटकनाशकांची फवारणी सर्वांत जास्त होते. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड वर्गातील औषधे माश्यांना विशेष घातक आहेत. फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करणे आणि शेजाऱ्याने आदल्या दिवशी निरोप देणे एवढ्याने पुष्कळ वसाहती वाचतात.

परागीभवनाचे मोल मधापेक्षा जास्त आहे. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात व स्त्रीकेसर नंतर, म्हणून बियाणे भरण्यासाठी कीटक हवेतच. टरबूज, काकडी यांत नर व मादी फुले वेगळी असतात. टरबुजावर किडींसाठी घातलेले कापडी आच्छादन मादी फुले येताच काढले नाही तर फळ धरत नाही. डाळिंब व कांदा बीजोत्पादक हंगामापुरत्या पेट्या भाड्याने घेतात, आणि पाळणाऱ्याला मधाच्या आधी हेच उत्पन्न हाती येते.

रानमध व कायदा : धडगाव, मोलगीच्या आठवडे बाजारांत आमचूर, चारोळी, डिंक यांच्याबरोबर आग्याचा मध येतो. मध पोळ्याच्या वरच्या, फांदीलगतच्या जाड भागात असतो. तेवढाच कापून खालचा अळ्यांचा भाग ठेवला तर वसाहत सावरू शकते. पोळे जाळले किंवा सगळे पिळले तर ती संपते. १९२७ च्या वन अधिनियमाने जंगलातील मध व मेण वनोपज ठरवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत दोन्ही घेऊन ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला.

विक्री व प्रत : कळीचा प्रश्न पाण्याचा आहे. पूर्वीच्या अन्नभेसळ नियमांत मधात २५ टक्क्यांपर्यंत पाणी चालत असे. सध्याची मर्यादा २० टक्के आहे. मेलिफेराच्या मधाच्या प्रमाणावर बेतलेली ही मर्यादा सातेरी व आग्याच्या मधाला जड जाते, विशेषतः पावसाळ्यालगत काढलेल्या मधाला. ज्या चौकटीतली बहुतेक घरे माश्यांनी मेणाने बंद केली आहेत तीच काढली तर पाणी कमी राहते. ते न पाहता काढलेला पातळ मध आंबतो. पाणी आटवण्यासाठी मध तापवणे हा उपाय नव्हे, कारण उष्णतेने हायड्रॉक्सीमेथिल फुरफुराल (एचएमएफ) हे साखरेपासून बनणारे रसायन वाढते, आणि त्यालाही किलोमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चाळीस अंशांवर काही आठवड्यांत ते लक्षणीय वाढते. याचा अर्थ खानदेशात पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर ठेवलेला अस्सल मधही चाचणीत नापास होऊ शकतो. मातीच्या घराची अंधारी खोली यासाठी उत्तम.

कपाशी व सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण जास्त असल्याने तो थंडीत लवकर गोठतो. गिऱ्हाईक त्याला साखरेची भेसळ समजून परत करते. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. कापसाची वात जाळणे, पाण्यात थेंब सोडणे या घरगुती परीक्षांवर विसंबू नये. दाट साखरपाकही त्यांत उत्तीर्ण होतो. ऊस व मक्याची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून ओळखता येते, तांदळाचा पाक त्या चाचणीतून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने याच प्रकारच्या भेसळीकडे लक्ष वेधले, तेव्हापासून ओळखीच्या माणसाकडून मध घेण्याकडे कल वाढला.

मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असल्याने लिटरच्या बाटलीत जवळजवळ १.४ किलो मध बसतो. भाव बाटलीचा ठरवणारा विक्रेता यात नकळत गमावतो. वजनाने विकणे दोघांनाही न्याय्य आहे. वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते. लेबलवर फुलोरा, तालुका व काढणीचा महिना लिहिणारे विक्रेते अजून थोडे आहेत, पण ही माहिती द्यायला खर्च काहीच येत नाही आणि बोरीचा ऑक्टोबरातला गडद मध निंबाच्या एप्रिलातल्या मधाहून वेगळा का लागतो हे गिऱ्हाइकाला त्यातूनच कळते. पोळे पिळून उरलेले मेण गरम पाण्यात वितळवून गाळले जाते. ते मेणपत्रे, मलमे व मेणबत्त्यांसाठी विकले जाते.