तान्हं बाळ थीम पार्कला नेताना

थीम पार्कमधल्या मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी लावलेली असते. तेवढी उंची नसेल तर आत सोडत नाहीत. कडेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ घेऊन गेलेल्या आई-बाबांना ती पट्टी पाहून हायसं वाटतं. धोक्याच्या जागी बाळाला कुणी जाऊ देणारच नाही, म्हणजे उरलेला पार्क आपल्याला मोकळा, असा हिशोब मनात होतो. पण ती पट्टी मुख्यतः एकच गोष्ट सांगते: सीटचा दांडा अंगावर नीट बसेल की नाही. तान्ह्या बाळाला दिवसभरात खरोखर जड जातात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. ऊन, आवाज, श्वास आणि गर्दी. त्यांच्यासाठी कुठेही पट्टी लावलेली नसते. त्या आपणच मोजायच्या असतात, आणि त्यासाठी बाळाचं शरीर आपल्यापेक्षा वेगळं कसं चालतं ते माहीत हवं.

बाळाला नेऊच नये असं मी म्हणणार नाही. घरात मोठं भावंड असतं, सुट्टी एकदाच मिळते, आणि बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने घरात बसलेल्या आईलाही बाहेर पडायचं असतंच. मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिकात बाबागाड्या दिसतात त्या याचमुळे. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत नातवंड झालं की आजी-आजोबा भारतातून येतात, आणि ते परत जायच्या आत ॲनाहाइमच्या डिस्नीलँडची फेरी व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं. त्या फेरीत सगळ्यात लहान प्रवासी तीन-चार महिन्यांचा असतो.

सुरुवात उन्हापासून करू, कारण चूक होण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो, कारण तेवढ्याच चहाला हवेचा स्पर्श जास्त मिळतो. बाळाचं अंगही असंच आहे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त भरतं. एसी हॉलमध्ये ते आपल्याआधी गार पडतं आणि तापलेल्या फरशीवर रांगेत उभं राहिलं की आपल्याआधी तापतं. मोठ्यांना घाम वाचवतो. बाळाच्या अंगावर घामाच्या ग्रंथी जन्मापासून असतात, पण त्या अजून पुरेशा कामाला लागलेल्या नसतात. त्यात ते स्वतः सावलीत सरकू शकत नाही, अंगावरचं दुपटं काढू शकत नाही आणि उकडतंय असं सांगूही शकत नाही.

आता बाबागाडीचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बाळ झोपलंय, तोंडावर ऊन येतंय, म्हणून आई ओढणी किंवा मलमलीचं दुपटं पुढून सोडते आणि कडा नीट खोचते. ऊन थांबतं, आत अंधार होतो, बाळ शांत झोपतं. सगळं ठीक वाटतं. पण त्या कापडामागे वारा बंद झालेला असतो आणि बाळाच्या अंगाची उष्णता आतच कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हाळ्याच्या दिवसांत बाबागाड्या बाहेर ठेवून हेच मोजलं, आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कोरडं मलमलीचं कापड टाकलेल्या गाडीत तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढलं. जाड फ्लॅनेल टाकल्यावर साडेतीन अंशांहून अधिक. तेच मलमल ओलं करून टाकलं आणि गाडीला छोटा पंखा लावला, तर आतलं तापमान जवळजवळ पाच अंशांनी उतरलं. कापड मात्र दर १५-२० मिनिटांनी पुन्हा ओलं करावं लागतं.

हा उपाय आपल्याकडे वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ओलं कापड गार करतं ते पाण्याची वाफ होते म्हणून, आणि हवा आधीच दमट असेल तर वाफ मंदावते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या दुपारी जो फरक पडेल तो खोपोलीला मेच्या शेवटी पडणार नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत कापडापेक्षा वारा आणि सावली महत्त्वाची. बाबागाडीची छत्री पुढे ओढावी, बाजू मोकळ्या ठेवाव्यात, आणि दुपारी बारा ते चार उघड्यावर थांबूच नये. बाळ तापलंय का हे हातपाय पाहून कळत नाही. ते एरवीही गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवावा. तिथे चिकट, गरम लागलं तर एक कपडा कमी करायची आणि एसीत जायची वेळ झाली.

आपल्या घरांमध्ये इथे टोपड्याचा प्रश्न येतो. आजी म्हणते कान झाका, वारा लागेल. थंडीत आजीचं म्हणणं अगदी बरोबर आहे. बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानाने फार मोठं असतं, लांबीचा जवळजवळ पाव भाग, आणि तिथून भरपूर उष्णता बाहेर जाते. ज्या कारणाने पौषात टोपडं हवं, त्याच कारणाने वैशाखात ते काढायला हवं. उन्हासाठी रुंद काठाची पातळ सुती टोपी घाला, आणि सावलीत आलं की तीही काढा.

पाण्याबद्दलही घरोघरी ओढाताण होते. एवढं ऊन आहे, चमचाभर पाणी द्या, असं कुणीतरी म्हणतंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वरचं पाणी पाजलं की चिमुकल्या पोटात दुधाची जागा ते घेतं. आणि बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असल्याने जास्त पाणी लवकर बाहेर टाकलं जात नाही. मग रक्तातलं सोडियम पातळ होऊन झटकेही येऊ शकतात. उपाय एवढाच की दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजायचं, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यायचं. डायपर बराच वेळ कोरडा राहिला, टाळू खोल गेलेली दिसली किंवा बाळ मलूल पडून दूध ओढेनासं झालं, तर राइड सोडून थेट प्रथमोपचार केंद्र गाठावं.

आवाजाकडे आपलं लक्ष कमी जातं, कारण गोंगाटात बाळ बहुधा झोपून जातं. झोपलं म्हणजे त्याला त्रास नाही असं आपण धरून चालतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही अंतःकर्णातल्या नाजूक केसपेशींवर ध्वनीचा मारा चालूच राहतो, आणि माणसाच्या त्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिवाय बाळाची कानाची नळी छोटी असते. छोटी नळी जास्त उंच स्वरांना घुमवते, त्यामुळे कर्कश शिट्ट्या आणि किंकाळ्या बाळाच्या पडद्यावर आपल्यापेक्षा जोरात आदळतात.

मोठ्या कामगारांसाठी अमेरिकेत शिफारस आहे ती अशी: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्म्यावर येतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. ही मोठ्या माणसांची मर्यादा आहे, बाळासाठी हात आणखी आखडता घ्यायचा. मिरवणुकीच्या स्पीकरजवळ किंवा बंदिस्त शोमध्ये असे आकडे सहज गाठले जातात. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणून पाच मीटरवरून वीस मीटरवर गेलात तरी खूप काही साधतं. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी असतात, आणि छोटे इअरप्लग बाळाच्या तोंडात जाऊन घशात अडकू शकतात. डोक्यावरून बसणारे बाळांचे इअरमफ घ्यावेत. फटाक्यांच्या वेळी तर ते हवेतच.

बाळाला कॅरिअरमध्ये छातीशी बांधून हिंडणं मला बाबागाडीपेक्षा बरं वाटतं. आईचा वास, हृदयाचे ठोके, हालचाल सगळं ओळखीचं असतं. इथे सांभाळायचा तो श्वास. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ प्वाझय यांनी दाखवून दिलं की नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. नळीची रुंदी निम्मी झाली की विरोध दुप्पट होत नाही, १६ पट होतो. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम ४-५ मिलिमीटरची. झोपेत मान पुढे कलंडून हनुवटी छातीला टेकली की वरचा श्वासमार्ग आवळला जातो, आणि मोठ्याला जाणवणारही नाही एवढा फरक बाळाला भारी पडतो. पहिले काही महिने बाळ बहुतेक नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नाक कापडात दाबलं गेलं तरी तोच धोका. हनुवटी आणि छाती यांच्या मध्ये आपली दोन बोटं आरामात मावली पाहिजेत, आणि मान खाली न झुकवता नुसती नजर टाकली की बाळाचं तोंड दिसलं पाहिजे. कारच्या सीटमध्ये झोपलेल्या बाळालाही हे लागू आहे. पार्कला पोहोचल्यावर झोपमोड नको म्हणून त्याला तासन्‌तास त्याच सीटमध्ये राहू देऊ नये.

राइडचं मात्र थोडक्यात सांगता येईल. रोलर कोस्टरच्या वळणावर अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट-चौपट जोर येतो. बाळाची मान तीन-चार महिन्यांपर्यंत स्वतःचंच डोकं सावरायला शिकत असते. तिथे प्रश्नच मिटतो. संथ बोटीच्या किंवा घोड्यांच्या फिरत्या राइडवर मांडीवरचं बाळ चालतं, मात्र बोट थांबताना धक्का बसतो तेव्हा डोक्यामागे हात हवा. डिस्नीलँडमध्ये १९६६ पासून चालू असलेल्या ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ला उंचीची अट नाही. बाहुल्यांचे रंग तीन-चार महिन्यांच्या पुढच्या बाळाला दिसू लागतात. त्याआधी स्पष्ट दिसतं ते साधारण वीस-तीस सेंटिमीटरवरचंच, म्हणजे ज्याच्या मांडीवर बसलंय त्याचा चेहरा. मोठ्या राइडसाठी आई-बाबांनी आलटून पालटून जावं; डिस्नीलँडमध्ये दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागू नये अशी सोय आहे. दूध पाजायला, डायपर बदलायला तिथे शांत बेबी केअर सेंटरही आहे. तान्ह्या बाळाच्या घरासाठी सगळ्या पार्कमध्ये हीच जागा सर्वांत मोलाची, नकाशावर ती सगळ्यांत आधी शोधावी.

आणि आता गर्दी. डिसेंबर २०१४ मध्ये १७ ते २० तारखांना ॲनाहाइमच्या डिस्नी पार्कमध्ये कुणीतरी गोवराचे विषाणू घेऊन फिरलं. ते कोण, हे कधीच कळलं नाही. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच रोग पसरवतो, आणि तेव्हा त्याला नुसती सर्दी-ताप असल्यासारखं वाटतं. तो खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतात. फेब्रुवारी २०१५ पर्यंत एकट्या कॅलिफोर्नियात या साथीचे ११० रुग्ण नोंदले गेले. त्यांतली १२ लस घेण्याच्या वयाला न पोहोचलेली बाळं होती. काही रुग्ण पार्कमध्ये गेलेलेच नव्हते, घरी किंवा दवाखान्यात त्यांना लागण झाली. पुढे त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शाळेतल्या मुलांना वैयक्तिक मतासाठी लसीतून मिळणारी सूट कायद्याने बंद केली.

बाळाच्या बाजूने हे पाहिलं की काळजी का वाटते ते कळतं. भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, अमेरिकेत बारा महिन्यांनंतर. तोवर बाळाकडे असतात ती आईच्या रक्तातून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूंशी लढणारी प्रथिनं, तेवढीच. आजीच्या पिढीला लहानपणी प्रत्यक्ष गोवर होऊन गेलेला असायचा, त्यामुळे तिच्याकडून बाळाला भरपूर प्रतिपिंडं मिळत. आजच्या आईला लस मिळालेली आहे. ती स्वतः सुरक्षित आहे, पण बाळाला देण्याइतका तिचा साठा कमी, आणि तो सहा महिन्यांच्या आतही संपू शकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा नऊ महिन्यांखालची मुलंही आजारी पडली, आणि साथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यायचं ठरलं. कॅलिफोर्नियातून बाळाला घेऊन भारतात येणाऱ्यांनाही सहा महिन्यांनंतर एक लवकरचा डोस घ्यायला सांगतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा: दोन-तीन महिन्यांच्या आत पार्क नको. त्यानंतर नेलं तरी बंद हॉलमधल्या लांब रांगा टाळाव्यात, उघड्यावर राहावं, सुट्टी सोडून मधला वार आणि सकाळची वेळ निवडावी. सोबतच्या सगळ्यांच्या लसी पूर्ण हव्यात, आजी-आजोबांच्याही. ‘किती गोड’ म्हणत अनोळखी कुणी गाल ओढायला आलं तर नाही म्हणायला अजिबात संकोचू नये.

परतल्यावर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. आणि तुम्ही गेलात त्या दिवशी तिथे गोवराचा रुग्ण होता असं नंतर कळलं, तर पुरळाची वाट पाहत बसू नये. सहा महिन्यांवरच्या बाळाला संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस देऊन आजार टाळता येण्याची शक्यता असते. त्याहून लहान बाळाला सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. दवाखान्यात थेट जाऊन बसण्याआधी फोन करून हे सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर बाळांपासून वेगळं बोलावतील.