कुळागराचं शेत होतं तेव्हा

२३ जुलै २०२१. आदल्या दिवशी वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं होतं, महाडजवळ तळियेवर दरड कोसळली होती. गोव्यात म्हादई फुगली आणि सत्तरी, डिचोली, फोंडा तालुक्यांतल्या घरांत पाणी शिरलं. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितलं. त्याच दिवशी मंगळूरहून मुंबईला निघालेली रेल्वेगाडी दूधसागर परिसरात दरडीमुळे रुळावरून घसरली. ही गाडी एरवी त्या वाटेनं जात नाही. चिपळूणच्या पुरामुळे कोकण रेल्वेचा मार्ग बंद पडला, म्हणून ती मडगावहून लोंढा-मिरज अशी वळवली होती.

मी तेव्हा एका मराठी वाहिनीसाठी गोव्यातून बातम्या पाठवत होतो. दीड मिनिटाचं पॅकेज, म्हणजे चित्रं आणि निवेदन जोडून बांधलेली बातमी, पाठवलं. रात्रीच्या बुलेटिनमध्ये निवेदिकेनं वाचलं ते असं:

‘कोकणात पावसाचा हाहाकार सुरूच असून शेजारच्या गोव्यालाही त्याचा फटका बसला आहे. नद्यांना पूर आल्यानं अनेक घरांत आणि शेतांत पाणी शिरलं असून जनजीवन विस्कळीत झालं आहे. दरम्यान, एक रेल्वेगाडीही रुळावरून घसरली.’

तीस शब्द, १७ सेकंद. यात खोटं काही नाही. पण म्हादईचं नाव नाही, एकही तालुका नाही, आणि चिपळूणचा पूर व दूधसागरची दरड यांना जोडणारा रेल्वेचा धागा तुटला आहे. ‘दरम्यान’ या एका शब्दानं कारणाची जागा घेतली. आणि वाळपईत, फोंड्यात मराठी बातम्या लावून बसलेल्या माणसाला त्याच्याच घराबद्दल ‘शेजारच्या गोव्यात’ असं सांगितलं गेलं.

यात मला कुणाचा दुष्टावा दिसला नाही. त्या रात्री मुंबईच्या डेस्कसमोर, म्हणजे आलेल्या बातम्या कापून बुलेटिन बांधणाऱ्यांसमोर, माणसं गमावलेली गावं होती, आणि त्यांना वेळ द्यायलाच हवा होता. माझा प्रश्न वेगळा आहे. कापताना नेमकं काय गळतं, आणि तेच का गळतं?

याचं एक उत्तर आपण बघतो त्या चित्रातच दडलेलं आहे. एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८० ठिपके असतात आणि सेकंदाला अशा २५ चौकटी जातात. प्रत्येक ठिपक्याचा रंग २४ बिटांत लिहिला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. पाठीवरच्या लाइव्ह बॅगेतून, चार-सहा सिमकार्डांच्या जिवावर आम्ही मुंबईला पाठवतो ते ५० लाखांच्या आसपास. म्हणजे अडीचशेतला एक भाग. बाकीचं वाटेतच सोडून द्यावं लागतं, आणि तरी बघणाऱ्याला चित्र पुरं वाटतं.

ही किमया ज्या गणितावर उभी आहे ते १९७४ साली प्रसिद्ध झालं. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव हे त्याचे तीन लेखक, आणि अहमद यांचा जन्म बेंगळुरूचा. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. चौसष्ट ठिपक्यांच्या जागी चौसष्ट वेगळे आकडे लिहायचे. पहिला आकडा त्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे आकडे क्रमानं बारीक होत जाणारी नक्षी सांगतात. मग हे आकडे एका ठरलेल्या तक्त्यानं भागायचे आणि पूर्णांकात आणायचे. ढोबळ गोष्टी टिकतात, बारीक नक्षीचे बहुतेक आकडे शून्य होतात. शून्यांची रांग लिहायला जागा जवळजवळ लागत नाही.

सगळी मेख त्या तक्त्यात आहे. तो माणसाच्या डोळ्याकडे बघून बांधलेला असतो. डोळ्याला जे कमी जाणवतं त्याला मोठ्या आकड्यानं भागायचं, म्हणजे ते शून्य होऊन जातं. बघणारा कोण आहे याचा अंदाज आधी आणि काटछाट नंतर.

बातम्यांच्या डेस्कवरही असा एक तक्ता असतो. कागदावर नाही, कापणाऱ्याच्या डोक्यात. त्यातला बघणारा कोण, हे आकडेच सांगतात. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजताना महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ धरतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या घरात, गोव्याची १४ लाख ५८ हजार. लोकसंख्येच्या हिशेबानं शंभर प्रेक्षकांत गोव्याचा वाटा जेमतेम सव्वा. या तक्त्यात सत्तरी ही बारीक नक्षी ठरते आणि शून्य होते. हवामानाच्या बातमीत तर हे रोज घडतं. भारतीय हवामान विभागाच्या ३६ उपविभागांपैकी एकाचं नावच ‘कोकण आणि गोवा’ आहे. वाक्य आखूड करायची वेळ आली की ‘आणि गोवा’ पहिलं जातं.

दुसरं उत्तर मानसशास्त्रातलं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली होती. एकानं आठवून लिहायची, ते दुसऱ्यानं वाचायचं, त्यानं आठवून लिहायची, अशी साखळी. कथा दर हाताला आखूड होत गेली. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते अनोळखी शब्दांचं काय झालं. त्या लोकांच्या खास होडीची नुसती ‘बोट’ झाली, सीलच्या शिकारीची ‘मासेमारी’ झाली. पुढे १९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांना अफवांच्या अभ्यासात दिसलं की पहिल्या पाच-सहा तोंडांतच सुमारे ७० टक्के तपशील गळून जातो. त्यानंतर गळती मंदावते, कारण उरलेलं इतकं आखूड आणि ओळखीचं झालेलं असतं की ते सहज पाठ होतं.

बातमीची साखळीही तेवढीच लांब असते. मी, बातम्या जमा करणारं इनपुट डेस्क, कॉपी म्हणजे बातमीचा मजकूर लिहिणारा, व्हिडिओ एडिटर, बुलेटिनचा निर्माता. माझ्या कॉपीत ‘कुळागर’ होतं. माडा-पोफळींच्या सावलीत मिरवेल, केळी, जायफळ, आणि पाटाचं पाणी. हे एका पिढीनं लावायचं आणि पुढच्या पिढीनं खायचं असतं. साखळीच्या शेवटी त्याचं ‘शेत’ झालं. शेतात पाणी शिरलं म्हणजे एका हंगामाचं नुकसान. कुळागर वाहून गेलं तर बागायतदाराची कित्येक वर्षं गेली.

‘खाजना’चंही असंच होतं. खाडीकाठी बांध घालून आणि मानशीच्या दारांनी भरती अडवून राखलेली ही भातजमीन. ‘खाजनाचा बांध फुटला’ याचं ‘शेतात पाणी शिरलं’ झालं की खारं पाणी हा मुद्दाच नाहीसा होतो. पावसाचं पाणी ओसरतं, पण मीठ मातीत राहतं. ते धुऊन निघेपर्यंत तिथे भात नीट येत नाही. एका शब्दाबरोबर नुकसानीचं मोजमाप बदललं.

कोंकणी बाइटचं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेल्या वाक्यांचं, दुःख मला याहून मोठं वाटतं. उसगाव-गांजे भागात गुडघाभर चिखलात उभा असलेला एक बागायतदार मला कॅमेऱ्यासमोर म्हणाला होता, ‘‘फांतोडेर उदक घरांत रिगलें. कुळागर सगळें गेलें.’’ म्हणजे पहाटे पाणी घरात शिरलं, सगळं कुळागर गेलं. मूळचे सात शब्द, साडेतीन सेकंद. बोलून झाल्यावर तो कॅमेऱ्याकडे न बघता मागे वळून बघत राहिला. बाइट गेला नाही, कारण ‘आपल्या प्रेक्षकांना कळणार नाही’. गोव्यात मराठी बातम्या बघणाऱ्या कुणाला कळला नसता? आम्ही घरात कोंकणी बोलतो आणि सकाळी मराठी पेपर वाचतो. दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. पण तक्त्यात आमच्यासारखा प्रेक्षक नव्हता.

आता मूळ मुद्दा. मुंबईच्या मोठ्या आवृत्तीतून प्रादेशिक बुलेटिन काढताना बहुतेक वेळा प्रसारित झालेलं पॅकेजच पुन्हा कापतात. घाईत तेच हाताशी असतं. जो आपण फोटोच्या बाबतीत रोज बघतो तोच प्रकार: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो उतरवून घेऊन पुन्हा नव्यानं पाठवत गेलं की दर खेपेला थोडा मळतो, कारण आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं आणि गेलेली नक्षी परत येत नाही. प्रसारित चित्रावर पट्ट्या, नाव-ठिकाण सांगणारं अ‍ॅस्टन, धावतं टिकर छापलेलं असतं. ते झाकायला एडिटर चित्र मोठं करून कडा कापतो, आणि नदीच्या पातळीची खूण असलेला खांब चौकटीबाहेर जातो. शब्दांचंही तेच. मुंबईच्या प्रेक्षकासाठी एकदा गाळलेली कॉपी गोव्यासाठी पुन्हा गाळली, तर गोव्याला जे हवं होतं ते पहिल्या चाळणीतच गेलेलं असतं. नंतर बुलेटिनला कितीही वेळ दिला तरी ते भरून येत नाही. म्हणून छोटं बुलेटिन कापायचं तर रशेसमधून, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रीकरणातून कापावं, पट्ट्या नसलेल्या क्लीन फीडवरून, आणि बातमीदाराची पहिली कॉपी समोर ठेवून.

पाऊस यात आणखी एक कात्री लावतो. केयू बँडच्या उपग्रह लहरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या. मुसळधार पाऊस त्या शोषतो आणि विखुरतो. घरची डिश पावसात बंद पडते ती यामुळेच. वीज गेली की मोबाइलचे टॉवरही मान टाकतात. म्हणजे बातमी जिथे सर्वांत मोठी, तिथलं चित्र सर्वांत खराब, आणि खराब चित्राला सेकंद कमी मिळतात.

त्या रात्री मी घरी बसून माझ्या रशेसवरून तेच १७ सेकंद पुन्हा बांधले. घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं:

‘म्हादईच्या पुराचं पाणी सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांतल्या घरांत. गांजे इथली कुळागरं पाण्याखाली.’

मग बागायतदाराचा बाइट, पूर्ण.

‘चिपळूणला कोकण रेल्वे बंद म्हणून लोंढ्यामार्गे वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी दूधसागरजवळ घसरली.’

चोवीस शब्द माझे, सात त्याचे. सतराव्या सेकंदाला संपलं.