जुनं रान आणि तोडीनंतर फुटलेलं रान: फरक कसा ओळखायचा

श्रावणात गगनबावड्याच्या घाटात उभं राहिलं की सगळे डोंगर सारखेच हिरवेगार. त्यातलं जुनं रान कोणतं आणि ठेकेदाराने सरसकट तोडल्यावर पुन्हा फुटलेलं कोणतं, हे रस्त्यावरून कळत नाही. वनाच्छादनाच्या आकड्यांतूनही नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान एक हेक्टर जागेवर झाडोऱ्याची सावली १० टक्क्यांहून जास्त असली की झालं, मग झाडं किंजळीची असोत, काजूची असोत की निलगिरीची. म्हणून आत शिरावंच लागतं.

आधी बुंधे बघा. ऐन, किंजळ, जांभूळ तोडली तरी मरत नाहीत, थोटाला धुमारे फुटतात. एकाच मुळावर तीन-चार खोडं, तळाशी जुन्या थोटाची गाठ आणि आसपासची सगळी खोडं जवळपास एकाच जाडीची दिसली, तर ते तोडीचं रान. जुन्या रानात वयं मिसळलेली असतात: बोटाएवढं रोप, मनगटाएवढं झाड आणि शेजारी दोघांच्या कवेत न मावणारा बुंधा. एखाद्या झाडावरून ठरवू नका, जांभूळ आपणहूनही बुडाशी फाटतो. जमिनीपासून १.३७ मीटरवर, उतारावर वरच्या अंगाला उभं राहून, वीस-पंचवीस झाडांचा घेर मोजून लिहा.

मग पाचोळा हाताने बाजूला सारा. जुन्या रानात वर सुकी पानं, त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी बांधलेली अर्धवट कुजलेली पानं आणि तळाला काळी, भुसभुशीत माती. तोडीच्या रानात बहुतेकदा पानांखाली लगेच तांबडी माती नाहीतर उघडा जांभा लागतो. छत गेल्यावर इथला पाऊस वरचा थर धुऊन नेतो. उन्हाची तिरीप जमिनीवर आली की रानमोडी आणि घाणेरी माजते, उन्हाळ्यात वाळून वणव्याला वाट देते. अंजनी, पिसा यांची सावलीत वाढणारी कोवळी रोपं त्यात करपून जातात.

सर्वांत उशिरा परतते ती ढोली. धनेश पक्ष्याची मादी ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. एवढी ढोली धरायला झाड कित्येक दशकं उभं राहावं लागतं. दर पंधरा-वीस वर्षांनी कुऱ्हाड येणाऱ्या रानात ती होणारच नाही, आणि मोठ्या बिया लांब नेऊन टाकणारा पक्षीही तिथे वीण घालणार नाही.

नजर बसवायची तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरला जा. संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं ते रान १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं.

तोडीचं रान टाकाऊ मात्र नव्हे. प्रत्येक थोटावर सरळ, जोमदार असे एक-दोन धुमारे ठेवून बाकीचे काढा. रानमोडी पावसात, माती ओली असतानाच मुळासकट उपटा. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाचोळा काढलेला पट्टा, काढा. मोकळ्या जागी ऑस्ट्रेलियन बाभूळ घुसवू नका. जवळच्या देवराईतलं जांभळाचं बी गुरवाला आणि गावाला विचारून आणा, पण पडल्यापासून आठवड्याच्या आत लावा, सुकलेलं बी उगवत नाही.