नवा संगणक सुरू होतो, पण डिस्प्ले येत नाही : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून सुटे भाग नेऊन घरी स्वतः संगणक जोडणारे ग्राहक आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला फोन एकाच तक्रारीचा असतो : पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ याखेरीज काही येत नाही. एवढे पैसे आणि अख्खा दिवस खर्च केल्यानंतर काळा पडदा समोर आला की जीव घाबरा होतो, हे आम्ही जाणतो. म्हणून सर्वांत आधी हे सांगतो की, डिस्प्ले आला नाही याचा अर्थ एखादा भाग जळाला असा होत नाही. ‘मदरबोर्ड खराब आहे’ किंवा ‘रॅम बदलून द्या’ असे सांगून आमच्याकडे परत आणलेल्या मालापैकी बराचसा माल आमच्या टेबलावर पहिल्याच प्रयत्नात चालतो. दोष भागात नसून जोडणीत असतो, आणि तो घरच्या घरी सापडू शकतो. त्यासाठी घाई न करता, एका वेळी एकच गोष्ट बदलून, प्रत्येक बदलानंतर काय घडले ते कागदावर टिपून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.

एक गैरसमज आरंभीच दूर करणे आवश्यक आहे. डिस्प्ले येण्यासाठी विंडोज लागत नाही, आणि एसएसडी किंवा हार्ड डिस्कही लागत नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅमची एक पट्टी, वीजपुरवठा आणि चित्र बाहेर काढणारी काहीतरी व्यवस्था एवढे नीट असेल, तर निदान बायोसचा, म्हणजे मदरबोर्डमध्येच साठवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामचा, पडदा दिसतोच. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकून पाहण्यात किंवा एसएसडी बदलण्यात वेळ घालवू नये.

कोणतीही केबल वा पट्टी काढण्यापूर्वी संगणक बंद करावा, एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्याच्या, मागचा खटका शून्याच्या खुणेकडे करावा, भिंतीतील प्लग काढावा आणि मग कॅबिनेटचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. अंगावरील स्थिर वीज घालवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत याची विशेष गरज असते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातील त्या सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे आणि इलेक्ट्रिशियनकडून ते करून घेईपर्यंत पुढील तपासणी थांबवावी.

केबल कोठे लावली आहे?

मॉनिटरला वीज मिळते आहे का आणि त्याच्या मेन्यूत योग्य इनपुट निवडलेला आहे का, हे पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. यानंतर केबल पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर मॉनिटरची केबल त्या कार्डाच्या पोर्टमध्येच लागली पाहिजे. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला यूएसबी पोर्टच्या शेजारी जो एचडीएमआय पोर्ट असतो तो मदरबोर्डचा असतो, आणि कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड तो आपोआप बंद करतात. उलट, ग्राफिक्स कार्ड घेतलेच नसेल, तर आपल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे का हे पाहावे लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, त्यांत ही सोय नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्स यांतही ती नाही, ५६००जी मध्ये मात्र आहे. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांत ती आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. अशा प्रोसेसरबरोबर कार्ड नसेल, तर मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसत असूनही त्यातून काहीही येणार नाही, आणि यात कोणत्याही भागाचा दोष नसतो.

जुना व्हीजीए मॉनिटर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वस्त कन्व्हर्टर हे डिस्प्ले न येण्याचे नेहमीचे कारण आहे. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय यांना जोडणारी साधी केबलसुद्धा एकाच दिशेने चालते : संगणकाच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलट लावल्यास ती चालत नाही. शक्य असल्यास पहिली चाचणी घरच्या टीव्हीला सरळ एचडीएमआय केबल लावून करावी.

थोडे थांबावे

डीडीआर५ रॅम असलेला संगणक, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा), पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड रॅमची चाचणी घेऊन तिच्याशी जुळवून घेत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या काळात पंखे फिरत राहतात, रॅमच्या नावाचा दिवा लागलेला राहतो, संगणक एक-दोनदा स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि पडदा कित्येक मिनिटे काळाच असतो. रॅम जितकी अधिक तितका वेळ अधिक लागतो. ग्राहक नेमके याच वेळी घाबरून बटण दाबून संगणक बंद करतात, की ही प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असे चार-पाच वेळा झाले की संगणक बिघडला अशी त्यांची खात्री पटते. म्हणून पहिल्या वेळी घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटे संगणकाला हात लावू नये. बायोसची सेटिंग्ज पुसल्यावर किंवा रॅम बदलल्यावरही हीच वाट पुन्हा पाहावी लागते.

वीजपुरवठ्याच्या केबली

मदरबोर्डला दोन ठिकाणी वीज द्यावी लागते. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर सहसा कुणी विसरत नाही. प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा कनेक्टर मात्र मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड असतो आणि तो राहून जातो. तो न लावताही पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि त्यामुळे सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला जवळपास तसाच असतो, पण दोहोंची आतील जोडणी वेगळी असते. प्रोसेसरचा कनेक्टर चार आणि चार असा दुभंगतो, तर कार्डाचा सहा आणि दोन असा. कनेक्टर सहज बसत नसेल, तर जोर लावू नये. तो बहुधा चुकीचा असतो. नव्या कार्डांवरील सोळा पिनांचा कनेक्टर तर शेवटपर्यंत आत गेला आहे, मधे फट दिसत नाही, याची विजेरी लावून खात्री करावी, कारण तो अर्धवट बसला तर कार्ड चालत नाही आणि तापून वितळण्याचाही धोका असतो.

येथे एक इशारा आम्ही कळकळीने देतो. सुट्या केबली असलेल्या मॉड्युलर एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची किंवा जुन्या एसएमपीएसची केबल कधीही लावू नका, ती कितीही नीट बसली तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना सर्वत्र सारखी नसते, आणि चुकीच्या पिनेवर चुकीचा व्होल्टेज गेल्यास मदरबोर्ड, कार्ड किंवा डिस्क क्षणात जळते. चांगला भाग खरोखर जळण्याचे इतके सोपे कारण दुसरे नाही. एसएमपीएस स्वतः उघडण्याचा प्रयत्नही करू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरांत धोकादायक विद्युतभार राहतो.

रॅम

रॅमची पट्टी बसली आहे असे वाटणे आणि ती खरोखर बसणे यांत फरक आहे. अनेक मदरबोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो. दुसरे टोक किंचित वर राहिले तरी नजरेला कळत नाही. पट्टी बाहेर काढून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब देऊन ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत ती बसवावी. चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या साधारणतः प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात आणि एकच असेल तर दुसऱ्यात. पुस्तिकेत ही जागा दाखवलेली असते. तरीही डिस्प्ले आला नाही तर एकच पट्टी ठेवून, मग दुसरी ठेवून, आणि त्यानंतर स्लॉट बदलून पाहावे. दुरुस्तीच्या दुकानांतून रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत आपण पाहिली असेल. जुन्या, धूळ-दमट हवेत राहिलेल्या पट्टीला तिचा उपयोग होतो. नव्या पट्टीला त्याची गरज नसते.

मदरबोर्ड स्वतःच सांगतो

आजच्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार छोटे दिवे असतात आणि त्यांच्याजवळ सीपीयू, डीआरएएम, व्हीजीए, बूट अशी अक्षरे छापलेली असतात. संगणक सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात; जो लागलेलाच राहतो त्या भागापाशी तपासणी अडकली आहे असे समजावे. डीआरएएम असेल तर वर सांगितल्याप्रमाणे रॅम पाहावी. व्हीजीए (येथे त्याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड) असेल तर कार्ड काढून पुन्हा खटका लागेपर्यंत बसवावे आणि त्याची वीज तपासावी. कार्ड उभे करण्यासाठी लवचिक रायझर केबल वापरली असेल, तर ती बाजूला ठेवून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून पाहावे. बूटचा दिवा राहिला आणि पडदा काळा असेल, तर मदरबोर्ड बहुधा आपले काम करून डिस्कची वाट पाहत आहे, आणि शोध पुन्हा मॉनिटर, केबल व पोर्ट यांच्याकडे वळवावा.

सीपीयूचा दिवा लागून राहिला तर आठ पिनांची केबल पाहून झाल्यावर पहिली शंका बायोसची घ्यावी. मदरबोर्ड आधी बाजारात येतो, त्याच सॉकेटचा नवा प्रोसेसर नंतर येतो, आणि गोदामात पडून असलेल्या मदरबोर्डच्या बायोसला त्या प्रोसेसरची ओळखच नसते. बी४५० मदरबोर्ड २०१८ मध्ये आले आणि रायझन ५००० मालिका २०२० च्या अखेरीस; बी६६० मदरबोर्डनंतर २०२२ मध्ये इंटेलची तेरावी पिढी आली; बी६५० मदरबोर्ड २०२२ चे आणि रायझन ९००० मालिका २०२४ ची. अशा जोड्या योग्यच आहेत, फक्त बायोस अद्ययावत करावा लागतो. मदरबोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल, तर प्रोसेसरने काम न करताही हे साधते : कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलची फाइल घेऊन, पुस्तिकेत सांगितलेले नाव देऊन, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवावी आणि ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बटण दाबावे. दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. आपल्याकडे वीज जाण्याची वेळ ठरलेली नसते, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. फ्लॅशबॅकची सोय नसल्यास मदरबोर्ड आमच्याकडे आणावा.

बायोसमध्ये काही बदल केल्यानंतर, उदाहरणार्थ रॅमचा वेग वाढवल्यानंतर, डिस्प्ले गेला असेल तर सेटिंग्ज पुसावीत. प्लग काढून, मदरबोर्डवरील त्यासाठीच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडाव्यात, किंवा सीआर२०३२ हा गोल सेल काढून पाच मिनिटांनी पुन्हा बसवावा.

शेवटचा उपाय : कॅबिनेटबाहेर चाचणी

एवढे करूनही डिस्प्ले येत नसेल, तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. चंदेरी पिशवीवर ठेवू नये, कारण तशा काही पिशव्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागातून वीज वाहू शकते. केवळ प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक पट्टी, एसएमपीएस आणि आवश्यक असल्यास ग्राफिक्स कार्ड एवढेच जोडावे आणि पॉवर स्विचच्या दोन पिना क्षणभर जोडून संगणक सुरू करावा. बाहेर चालला आणि आत चालत नसेल, तर मदरबोर्डच्या छिद्रांशी न जुळणारा एखादा जादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्ड ज्यावर टेकवून स्क्रूने बसवतात तो छोटा खुंटा, मागून टेकत असल्याची शक्यता मोठी आहे.

प्रोसेसर काढून पाहण्याची वेळ आली, तर एएमडीच्या एएम४ सॉकेटवर कूलर सरळ वर ओढू नये. दोहोंमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. संगणक काही वेळ चालू ठेवून पेस्ट कोमट झाल्यावर, तो बंद करून, प्लग काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. इंटेल आणि एएम५ यांच्या पिना सॉकेटमध्ये असतात. तेथे बोट, कापड किंवा ब्रश लावू नये, विजेरीच्या तिरप्या उजेडात फक्त पाहावे आणि एखादी पीन वेगळी चमकत असेल तर तिचा फोटो काढून आम्हांला पाठवावा. वाकलेली पीन सुईने सरळ करण्याचा प्रयत्न आपण करू नये, ही विनंती आहे.

जळका वास आला किंवा ठिणगी दिसली, तर यातील काहीही न करता प्लग काढावा आणि आम्हांला कळवावे.

दुकानात येताना बिल, आपण केलेली टिपणे आणि संगणक सुरू करतानाचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत ठेवावा, ज्यात मदरबोर्डवरचे दिवे स्पष्ट दिसतील. बाहेरगावचे जे ग्राहक संगणक पार्सलने पाठवतात, त्यांनी ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे बांधावे, कारण प्रवासातील धक्क्यांनी जड कार्ड स्लॉटच मोडते. फक्त मदरबोर्ड पाठवणार असाल, तर सॉकेटवर आलेले काळे प्लॅस्टिकचे झाकण परत बसवूनच तो खोक्यात ठेवावा. ते झाकण फेकून दिले असेल तर आधी फोन करावा, आम्ही दुसरे देऊ.