हात हलतो, मग चहा का नाही?

लकव्याने गेलेला हात पुन्हा हलू लागला की घरचे म्हणतात, ‘झालं, बरी झाली.’ महिने उलटतात, आणि पेला नीट धरणारी तीच बाई ओट्याकडे फिरकत नाही. मग कुणी तिला आळशी ठरवतं, तर कुणी कबुतराच्या रक्ताने मालिश सुचवतं. मेंदूतल्या मेलेल्या पेशी कातडीवर कुणाचंही रक्त चोळून उठत नाहीत, हे किती वेळा सांगायचं!

बरा झालेला हात आणि अडलेलं आयुष्य यांच्यातलं अंतर हा ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचाराचा विषय. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली तिचं शिक्षण सुरू केलं.

रुग्णाचं आयुष्य समजून घ्यायला थेरपिस्टकडे वेगवेगळी प्रारूपं, म्हणजे विचाराचे आराखडे असतात. गॅरी कीलहॉफ्नर आणि जॅनिस बर्क यांनी १९८० मध्ये अमेरिकेत मांडलेलं ‘मोहो’ (मॉडेल ऑफ ह्यूमन ऑक्युपेशन) इच्छा, सवयी-भूमिका आणि क्षमता तपासतं, शिवाय भोवतालही. माणूस ही भोवतालाशी सतत देवाणघेवाण करणारी खुली प्रणाली. एक घटक हलला की बाकीचे नव्याने जुळतात. आपल्या बाईंची क्षमता परतली, पण ओटा सुनेकडे गेला होता. भूमिकाच उरली नाही. कॅनडाची पद्धत याहून थेट: अडलेली कामं रुग्णानेच सांगायची आणि महत्त्व, जमणं, समाधान यांना १ ते १० गुण द्यायचे. पण ‘तुम्हाला काय करायचंय?’ याला आपल्याकडे उत्तर येतं, ‘मुलगा म्हणेल ते.’

‘मी’ला मध्यभागी ठेवणारी प्रारूपं जपानमधल्या थेरपिस्टांनाही परकी वाटत होती. थेरपिस्ट मायकेल इवामा यांनी त्यांच्यासोबत ‘कावा’ (जपानीत नदी) हे प्रारूप घडवलं. त्यात रुग्ण आपल्या आयुष्याची नदी काढतो. पाणी म्हणजे जगण्याचा ओघ, खडक म्हणजे अडचणी, काठ आणि तळ म्हणजे घर, माणसं, परिस्थिती. वाहत आलेली लाकडं म्हणजे स्वभाव, पैसा, कौशल्यं. ती कधी खडक ढकलतात, कधी स्वतःच अडकून बसतात. मला सर्वांत आवडते ती मधली मोकळी जागा. पाणी तिथूनच जातं, म्हणून थेरपिस्टचं लक्षही तिथेच. खडक हटेलच असं नाही. काठ थोडा सरकला तरी वाट रुंदावते. सुनेने सकाळचा चहा सासूबाईंवर सोडणं हा काठ सरकवण्याचाच उपचार, आणि त्यात हाताचा एकही व्यायाम नाही.

अर्थात चित्राला गुण देता येत नाहीत. तीन महिन्यांनी किती फरक पडला हे मोजायला पुन्हा कॅनडाचे १ ते १० लागतातच.